टॉरचा वेग आणि वेगळी टोपी

टॉर ब्राउझर मंद चालतो म्हणून आतल्या सेटिंग बदला, 'पाइपलायनिंग' चालू करा, असे जुने सल्ले अजून फिरतात. फायरफॉक्सने ती सोय केव्हाच काढली. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे.

उशीर मुख्यतः तीन रिलेंच्या वळशामुळे होतो. शिवाय ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. ती एकट्या नौदलाने वापरली असती, तर प्रत्येक जोडणी नौदलाचीच ठरली असती. म्हणून गर्दी हवी, तीही सारख्या दिसणाऱ्या ब्राउझरची. सेटिंग बदलणारा म्हणजे परेडमध्ये वेगळी टोपी घालणारा जवान; लांबूनच ओळखू येतो.

(सरकारी संगणकावर हा विषयच नको.) पान फारच रेंगाळलं तर त्या साइटसाठी नवं सर्किट घ्यावं. ती सोय ब्राउझरमध्येच आहे.