भत्ता देऊन हात झटकता येत नाहीत

छोट्या फर्मने ग्रुप मेडिक्लेमच्या भानगडीत पडू नये, असा सल्ला देणारा एक वर्ग सध्या भलताच जोरात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दहा-बारा माणसांची पर्यावरण सल्लागार फर्म, त्यातली निम्मी पंचविशीतली, ती कशाला आजारी पडतात? पगारात थोडा भत्ता वाढवावा आणि ज्याची त्याने पॉलिसी काढावी. नोकरी सुटली तरी ती त्याच्याकडेच राहते. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुप पॉलिसीवर मात्र 18 टक्के कायम आहे. मग हा भुर्दंड कशाला?

हिशेब चोख दिसतो. पण तो मांडणाऱ्याने वैयक्तिक पॉलिसीची कलमे वाचलेली दिसत नाहीत.

नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून कुठल्याही आजाराचा क्लेम मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांसाठी सहसा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारांसाठीच्या प्रतीक्षेची कमाल मुदत विमा नियामकाने 2024 साली चार वर्षांवरून तीनवर आणली, ही सुधारणा खरीच. पण अशा फर्ममधली कितीतरी मुले दोन-तीन वर्षांतच नोकरी बदलतात. म्हणजे ज्या काळात ती फर्मसाठी उन्हापावसात राबतात, नेमका तोच काळ विम्यातून निसटतो.

जुलैत रुजू झालेली एम.एस्सी. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. पावसाळी जैवविविधता सर्वेक्षणासाठी तिला पहिल्याच आठवड्यात रायगडच्या भातखाचरांत पाठवतात. गुडघाभर चिखल, पोटरीला खरचटलेले, बांधाला उंदरांची बिळे. लेप्टोस्पायरोसिस व्हायला एवढे पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप चढला आणि दुखणे मूत्रपिंडावर गेले, तर भत्त्यातून काढलेली तिची पॉलिसी एक पैसा देणार नाही, कारण तिचे 30 दिवस भरलेले नसतात. प्रयोगशाळेतल्या पन्नाशीच्या केमिस्टची गत आणखी वाईट. त्याला मधुमेह असेल तर विमा कंपनी जादा प्रीमियम लावते, नाहीतर अर्जच फेटाळते. भत्ता दोघांना सारखा, प्रीमियम मात्र सारखा नाही. या दोघांना ‘तुमचे तुम्ही बघा’ असे सांगण्याला कर्मचाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणायचे असेल, तर ते सल्लागारांनी आधी स्वतः उपभोगून पाहावे.

ग्रुप पॉलिसीत हे सगळे प्रतीक्षाकाळ माफ करून घेता येतात. पहिल्या दिवसापासून जुन्या आजारांना संरक्षण, बाळंतपणाचा खर्चही. सगळा वाद खरे तर इथेच मिटायला हवा.

तो मिटत नाही, कारण तो जुना आहे. 15 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीतून कामे पुन्हा सुरू करताना कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक केला, तेव्हाही ‘छोट्यांना हे परवडत नाही’ हाच सूर लागला होता. चिमणीवर चढून धुराचे नमुने घेणाऱ्याला सेफ्टी बेल्ट द्यायचा म्हटले, तरी पूर्वी हेच ऐकू यायचे. परवडत नाही ते नेहमी माणसाच्या वाट्याचेच कसे असते?

बाकीचे मुद्दे चटकन निकालात निघतात. भत्त्यावर कर्मचाऱ्याला आयकर लागतो. फर्मने भरलेला ग्रुप प्रीमियम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही आणि फर्मच्या खर्चात वजा होतो. ‘आम्ही फारच लहान’ हेही खरे नाही; सात माणसांपासून ग्रुप पॉलिसी देणाऱ्या कंपन्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोलाची आहे, पण तिच्यात उपचारही ठरावीक आणि रुग्णालयेही. नोकरी सोडताना ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि सरलेला प्रतीक्षाकाळ तिथे जमेस धरला जातो. कंपनी अर्ज तपासून घेते, हे खरे. पण ही सोय आहे हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही.

मग घ्यायचे काय? मोठ्या रकमेपेक्षा आधी रूम रेंटचे कलम वाचावे. तीन लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा असेल, तर दिवसाला 3,000 रुपयांची खोली मिळते. पेशंटने 6,000 ची घेतली, तर खोलीच्या भाड्याबरोबर डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांची बिलेही निम्म्यावर येतात. असे कलम नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी. कॅशलेस रुग्णालयांची यादी पुण्या-मुंबईची पाहून भागत नाही. साइट चंद्रपूरला असेल तर चंद्रपूरची पाहावी. अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा बुडालेला पगार मेडिक्लेम भरून देत नाही, त्यासाठी अपघात विमा वेगळा घ्यावा.

पैशांचे म्हणाल, तर पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या कोटेशनमध्ये सॅम्पलरच्या कॅलिब्रेशनचा खर्च धरला जातोच. त्याच तक्त्यात सर्वेक्षकांच्या विम्याचीही एक ओळ घालावी आणि घासाघीस सुरू झाली, तरी ती खोडू नये.