यवतमाळच्या गोलरक्षकाचे चौदा महिने

३० ऑक्टोबर २०१६. ऐन दिवाळीचा दिवस. मलेशियातील क्वांतान येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ पाकिस्तानशी होती आणि दुखापतीमुळे पी. आर. श्रीजेश मैदानाबाहेर होता. त्याच्या जागी गोलजाळ्यासमोर उभा राहिला यवतमाळचा आकाश चिकटे. भारताने तो सामना ३-२ असा जिंकला.

कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांपलीकडे ज्या जिल्ह्याचे नाव राष्ट्रीय बातम्यांत सहसा येत नाही, तेथील खेळाडूने हॉकीतील सर्वांत एकाकी जागा पटकवावी, ही बाब लहान नव्हती. आघाडीचा खेळाडू चुकला तर त्याला दुसरी संधी मिळते. गोलरक्षकाची चूक थेट धावफलकावर लागते. शिवाय संघात खेळणारा गोलरक्षक एकच. श्रीजेशसारखा खंदा वीर तेथे असला की बाकीच्यांच्या वाट्याला येते ती प्रतीक्षा. २०१७ मध्ये अझलन शाह स्पर्धेत श्रीजेशच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि चिकटेची प्रतीक्षा संपली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ढाक्यात भारताने मलेशियाला २-१ असे नमवून दहा वर्षांनी आशिया चषक जिंकला. त्या संघातील दोन्ही गोलरक्षक, चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा, महाराष्ट्राचे होते. राज्याच्या क्रीडाविश्वाने याची दखल जेवढी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. क्रिकेटच्या गदारोळात ती हरवली.

कारकिर्दीचा कळस डिसेंबरात भुवनेश्वरला आला. जागतिक हॉकी लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रिओ ऑलिंपिकचा रौप्यविजेता बेल्जियम समोर होता. निर्धारित वेळेत ३-३ अशी बरोबरी झाली. शूटआउटमध्ये आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि गोल करण्यासाठी त्याला आठ सेकंद मिळतात. गोलरक्षकाने लवकर झेप घेतली तर चेंडू बाजूने जातो, थांबून राहिला तर कोन मोकळा होतो. चिकटेने ही कसोटी निभावली. भारताने शूटआउट ३-२ असे जिंकले आणि पुढे जर्मनीला हरवून कांस्यपदकही मिळविले.

त्यानंतर काही महिन्यांतच घसरण झाली. २०१८ च्या प्रारंभी घेतलेल्या उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला व त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. स्टेरॉइडच्या प्रकरणात हेतुपुरस्सर सेवन मानले गेल्यास चार वर्षांची शिक्षा होते. हेतू नसल्यास ती दोन वर्षांवर येते. तरीही शरीरात काय जाते याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूचीच, असे हा नियम मानतो. नियम कठोर आहे आणि तो तसाच हवा. मात्र दुखण्यावर घेतलेल्या प्रत्येक गोळीची शहानिशा करणारा क्रीडावैद्यक तालुक्या-जिल्ह्यांतून आलेल्या किती खेळाडूंना चोवीस तास उपलब्ध असतो, हा प्रश्न त्या कठोरतेने सुटत नाही.

पंचविशीत आलेल्या या बंदीने आशियाई क्रीडा स्पर्धा हुकली, मायदेशातील विश्वचषकही हुकला. श्रीजेश परतला होता, त्याच्यामागे कृष्ण पाठक स्थिरावला. डिसेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या त्याच कलिंग स्टेडियमवर बेल्जियम जगज्जेता झाला, तोही शूटआउटमध्येच. तेव्हा त्यांना वर्षभरापूर्वी रोखणारा गोलरक्षक बंदी भोगत होता.