जाहिरात निघण्याआधी विचारा

विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा भरायची असली की वर्तमानपत्रात एक लहानशी चौकट येते. विषय, प्रवर्ग, पात्रता, अर्जाची शेवटची तारीख. उमेदवार सोडले तर ती कोणी वाचत नाही. पण त्या चौकटीतून आत आलेला माणूस तिशीत रुजू झाला, तर निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवणार असतो. पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या हाताखालून किती मुले जातील आणि जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या, धरणांच्या, खाणींच्या अहवालांवर त्याचे किंवा त्याच्या विद्यार्थ्यांचे मत किती वेळा घेतले जाईल, याचा हिशेब कोणी करत नाही. म्हणून ही चौकट आपण वाचावी आणि निदान एका विषयासाठी ती नीट लिहून घ्यावी, एवढ्यासाठी हे आवाहन.

तो विषय म्हणजे लँडस्केप इकॉलॉजी, मराठीत भूदृश्य परिस्थितिकी. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना 1939 मध्ये या विषयाला नाव दिले. जंगल, शेत, माळ, ओढा, रस्ता आणि गाव सुटे न पाहता एकत्र पाहायचे. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला लागून आहे, मधली वाट उघडी आहे की बंद, आणि त्यामुळे जनावरांचे, पाण्याचे, मातीचे आणि माणसांचे काय होते, याचा हा अभ्यास. ऐकायला पुस्तकी वाटतो, पण महाराष्ट्रातले निम्मे रोजचे तंटे याच विषयातले आहेत.

उसातला बिबट्या घ्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात उसाच्या रानात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या पट्ट्यात जंगल नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसांची वस्ती, आणि तरीही शंभर चौरस किलोमीटरमागे पाचएक बिबटे. त्याआधी जुन्नर भागात बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय झाला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे याच गटाच्या 2011 च्या निबंधात दिसले. बिबट्या जंगलातून वाट चुकून आला असे धरले की त्याला परत सोडणे हेच उत्तर वाटते. तो उसातच राहतो, तिथेच पिल्ले घालतो, हे कळले की गोठ्याचे दार, रात्रीचे भारनियमन, गावातली भटकी कुत्री आणि ऊसतोडीचे वेळापत्रक हे सगळे प्रश्नाचे भाग होतात.

दुसरे उदाहरण नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 चे. हा रस्ता पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागातून जातो. चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून जनावरांना जायला वाट ठेवली. त्यातल्या सर्वांत लांब वाटा 750 मीटरच्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह अठरा जातींचे प्राणी त्या वाटा वापरताना दिसले. ही वाट कुठे हवी, किती रुंद हवी, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्याला या विषयाचा जाणकार लागतो, आणि तो रस्त्याचा आराखडा कागदावर असतानाच लागतो.

तिसरे उदाहरण माळरानाचे. सोलापूर-नगरच्या पट्ट्यातले माळ सरकारी दफ्तरात बहुतेक पडीक म्हणून नोंदलेले. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही अशी गवताळ राने याच रकान्यात पडली. तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, धनगरांची मेंढरे चरतात, आणि नान्नजच्या माळावर माळढोक होता म्हणून 1979 मध्ये अभयारण्य झाले. कागदावर ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळे आले, लोकांना आपल्याच जमिनीचे व्यवहार अवघड झाले, आणि पुढे ते जवळपास बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आधी सगळ्यावर रेघ ओढायची आणि मग बरेचसे सोडून द्यायचे, यात पक्ष्याचेही भले झाले नाही आणि शेतकऱ्याचेही. नेमके कोणते माळ राखायचे आणि त्यांच्यामधली शेती कशी असावी, हे आधी अभ्यासून ठरवता आले असते. आजही वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गाठायला मोकळा माळ दिसला की खड्डे घेतले जातात. माळावर झाड लावणे हेही नुकसान असू शकते, हे ग्रामसभेत ठामपणे सांगणारा माणूस आपल्या तालुक्यात कोण आहे, हे आठवून पाहा.

असा माणूस तयार करण्याची जागा विद्यापीठ. पदवीला पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. प्रत्यक्षात बऱ्याच महाविद्यालयांत तो ज्याचा तास मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडतो. मुले प्रकल्प म्हणून ओझोनच्या थराची चित्रे चिकटवतात आणि कॉलेजच्या मागच्या ओढ्याचे नाव त्यांना माहीत नसते. या विषयाचा एक जाणता प्राध्यापक विद्यापीठात असला, तर त्याच्याकडे शिकलेली मुले पाच-दहा वर्षांत जिल्ह्याच्या महाविद्यालयांत पोचतात. खर्चही फार नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे 2008 पासून फुकट मिळतात, इस्रोचे भुवन 2009 पासून आहे, आणि नकाशे करायचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. एक बरा संगणक, एक गाडी आणि हिंडायची मुभा एवढ्यावर चांगले काम उभे राहते.

अडते ते भरतीत. पहिली अडचण पात्रतेच्या ओळीची. लँडस्केप इकॉलॉजीची वेगळी नेट परीक्षा नाही. या विषयात काम करणारे लोक भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, वनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, अशा चहूबाजूंनी आलेले असतात. जाहिरातीत "एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र" एवढेच छापले, की भूगोलात एम.ए. करून दहा वर्षे सह्याद्रीचे सडे, म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारे, मोजणारी उमेदवार छाननीच्या टेबलावरच बाद होते. तिच्या फायलीवर "विषय भिन्न" असा शेरा पडतो, तिचे शोधनिबंध कोणी उघडतही नाही, आणि मुलाखतीचे पत्र निघत नाही. यात नियमाचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली संबंधित किंवा संलग्न विषयातली 55 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी चालते असे म्हणते. संलग्न विषय कोणते, हे जाहिरातीत नावानिशी लिहिण्याचा आळस आपला.

दुसरी अडचण गुणांच्या तक्त्याची. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी त्याच नियमावलीने विद्यापीठांना जो तक्ता दिला, त्यात पदवीला 80 टक्क्यांवर असलेल्यास 15 गुण आणि सगळ्या शोधनिबंधांचे मिळून जास्तीत जास्त 10. म्हणजे विसाव्या वर्षीची गुणपत्रिका पुढच्या दहा वर्षांच्या रानातल्या कामापेक्षा भारी ठरू शकते. हा तक्ता चाळणीपुरता आहे, हे निवड समितीने विसरू नये. पुढे मुलाखतीत माणूस पारखायचा असतो, आणि समितीवर तीन विषयतज्ज्ञ असतात ते त्यासाठीच. ते तिघे या विषयाचे आहेत की विभागप्रमुखांच्या ओळखीचे, एवढे एक पाहिले तरी निम्मे काम होते.

तिसरी अडचण वेळेची. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, शासनाची परवानगी आणायची, मग आचारसंहिता, मग नवी बिंदुनामावली. तोवर शिकवणे तासिका तत्त्वावर चालते. तासांवर पैसे मिळणाऱ्या शिक्षकाकडून मुलांना घेऊन चार दिवस माळावर मुक्काम करण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. हा विषय फळ्यावर अर्धाच शिकवता येतो. आरक्षणाच्या बिंदूंना हात न लावता ही दिरंगाई कमी करता येते, आणि ती आरक्षणाच्या माथी मारणे हा निव्वळ बहाणा आहे.

आता आपण काय करायचे ते सांगतो.

तुम्ही पदवीधर असाल तर विद्यापीठाकडे नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. मत मागायला उमेदवार दारात आला, की त्याला वसतिगृह आणि निकाल यांच्याबरोबर हेही विचारा: आपल्या विद्यापीठात हा विषय शिकवायला कोण आहे? पद मंजूर आहे का? रिकामे असेल तर कधीपासून? अधिसभेत प्रश्न विचारला गेला की उत्तर लेखी द्यावे लागते, आणि लेखी उत्तराने कागद हलतो.

अभ्यास मंडळावर किंवा विभागात असाल तर जाहिरातीच्या मसुद्यावर तुम्हाला मत देता येते. त्यात संलग्न विषय नावानिशी घाला. विशेषज्ञता म्हणून "पर्यावरण" असा ढोबळ शब्द लिहू नका. अधिवासांचे तुकडे, संचारमार्ग, जमीनवापरातला बदल, उपग्रहचित्रांचे वाचन, असे लिहा. उमेदवाराकडून व्याख्यान किंवा चर्चासत्र घेऊन पाहण्याची सोय नियमात आहे, ती वापरा. ते व्याख्यान विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या तुकड्यावर उभे राहून घ्या. सह्याद्रीजवळचे विद्यापीठ असेल तर उमेदवाराला सड्यावर न्या. खडकावर बोटभर मातीत पावसाळ्यात काय उगवते, दगडातल्या डबक्यात काय राहते, हे पाणी उतारावर कुठे निघते, सड्याच्या कडेला गाड्यांचा तळ केला तर काय बिघडेल, हे तो पदवीच्या मुलाला समजेल असे मराठीत सांगू शकतो का, ते पाहा. अर्ध्या तासात त्याची पारख होते. इंग्रजी निबंधांची यादी घरी वाचता येते.

माणूस रुजू झाल्यावर त्याला टिकवणेही आपल्याच हाती आहे. पहिली तीन वर्षे त्याच्यावर मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेची भरारी पथके आणि स्वागत समित्या लादू नका. त्याला रानात जाऊ द्या. वन विभागातल्या निवृत्त मंडळींनी, जुन्या मेंढपाळांनी, पाणी वाटपाचे काम केलेल्या शेतकऱ्यांनी आपणहून त्याच्याकडे जावे. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांच्या नोंदी केल्या, त्या गावकऱ्यांना विचारून विचारूनच. कुठली राई कुठल्या देवाची, कुठले पाणी कधी आटले, हे उपग्रहाला दिसत नाही.

आणि तरुणांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण देहरादून, बंगळूर किंवा परदेशात हा विषय शिकत आहात. गावाकडच्या विद्यापीठात जागा निघाली तर अर्ज करा. सुरुवातीचा मूळ पगार 57,700 रुपये आहे. प्रयोगशाळा तिथल्यासारखी नसेल आणि कारकुनी जास्त असेल, हे खरे. पण ज्या माळावर, उसात किंवा सड्यावर तुम्ही वाढलात तिथली भाषा तुम्हाला येते, आणि या विषयात ती पात्रता कुठल्याही तक्त्यात बसत नसली तरी सगळ्यांत कामाची आहे. जाहिरातीत तुमचा विषय नसला तर गप्प बसू नका. कुलसचिवांना लेखी पत्र द्या, पोच घ्या.

जिल्ह्यातला पुढचा रस्ता, पुढची खाण आणि पुढचे सौरप्रकल्प कोणाला तरी विचारून होणारच आहेत. तो सल्लागार बाहेरून दोन दिवस येऊन अहवाल देणारा असावा की आपल्या विद्यापीठात वीस वर्षे ही जमीन वाचणारा, हे ठरते त्या चौकटीतल्या दोन ओळींवर. त्या ओळी छापून येण्याआधी आपल्या विद्यापीठाला एक पत्र लिहा. याच महिन्यात लिहा.