मार्कांपुरता डार्विन

जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. आम्ही हसलो. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गाळली गेली, तेव्हा आम्ही संतापलोही. पण मिठबावात आमच्या घरी आम्ही काय बोलतो? मंत्रिमहोदय बोलले तेच!

राज्य मंडळाच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. मुले तो पाठ करतात. आम्ही त्यांना बजावतो, ‘मार्कांपुरतं लिही, खरं मानू नकोस.’ हा खोटेपणा आम्ही दीनच्या नावाने शिकवतो.

माकडाचा माणूस झाला असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच म्हणते. पुरावा हवा? आमच्या किनाऱ्याला कधी मेलेला डॉल्फिन लागतो. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. तो पिलाला दूध पाजतो. त्याच्या परात आमच्याच हातासारखी दंडाची, मनगटाची, बोटांची हाडे आहेत. गर्भात त्याला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि जिरून जातात. पोहणाऱ्या जिवाला पायांचे कोंब कशाला? कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस आणि जम्मूकडच्या कालाकोटचा मांजराएवढा इंडोहायस यांचे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष हीच साक्ष देतात.

तरी आम्ही हवाला देतो तुर्कस्तानच्या हारून याह्याचा. जीव कधी बदललेच नाहीत, हे दाखवायला त्याने 2006 सालच्या आपल्या जाडजूड ‘अ‍ॅटलास’मध्ये एका किड्याचा फोटो छापला. तो किडा नव्हताच; मासे धरायचे बनावट आमिष होते, आत लोखंडी गरी दिसत होती! मिठबावात गरवायला बसणाऱ्या कुठल्याही पोराने ती ओळखली असती. आमच्या विद्वानांना मात्र ती दिसली नाही.

चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त खनिजे, वनस्पती, प्राणी अशी चढती साखळी मांडली आणि माणसाच्या आधीच्या पायरीवर माकड ठेवले. तो डार्विन नव्हता. पण विचाराला भ्यालाही नाही. त्याचा ईमान शाबूत राहिला. मग आमचाच एका धड्याने कसा डळमळतो?

आमच्यावर उतरलेली पहिली आज्ञाच वाचण्याची आहे. ती मार्कांपुरती नाही.