माळरानाला हवी चाकोरीच

पुणे वनविभागाने २०२४ मध्ये बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गवताळ माळरानांची सफारी सुरू केली. बारामतीतील शिर्सुफळ-गाडीखेल आणि इंदापुरातील कडबनवाडी ही नावे त्यामुळे पर्यटनाच्या नकाशावर आली. महसुली दप्तरात वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणून नोंदली गेलेली ही जमीन चिंकारा, लांडगा, तरस आणि खोकड यांचे हक्काचे घर आहे, हे शहरातील माणसाला त्यानिमित्ताने कळले, ही समाधानाचीच बाब होय. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून अस्तित्वात आहे. परंतु त्याचे क्षेत्र अवघे सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याबाहेरचे विस्तीर्ण माळ आजवर धनगरांच्या मेंढ्या आणि लांडगे यांच्यातच वाटलेले होते. आता तेथे मोटारीची चाके पोचली आहेत. ती कोणती असावीत, हा प्रश्न वरवर गॅरेजमधला वाटतो. प्रत्यक्षात तो माळाच्या भवितव्याशी निगडित आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार बाजारात आली आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची हौस शहरी मध्यमवर्गात रुजली. गाडी घेतली की पहिला खर्च बहुधा चाकांवर होतो. मोठी रिम, रुंद टायर, त्यावर खोल नक्षीचे ठोकळे असा हा थाट. चाक जितके मोठे तितकी गाडी रानात तरबेज, अशी त्यामागची समजूत. ती बऱ्याच अंशी चुकीची आहे.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचले तर हे उमगते. त्याच थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६, तर दुसऱ्याला २५५/६५ आर १८ या मापाचे टायर मिळाले. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या उंचीची टक्केवारी. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर १६ इंची रिमवर रबराची उंची सुमारे १८४ मिलिमीटर भरते, १८ इंचीवर ती १६६ पर्यंत उतरते. चाकाच्या एकूण व्यासात मात्र जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे रिम वाढली की वाढते ते धातूचे वर्तुळ; घटते ती रबराची उशी. दगडावर आदळल्यावर धक्का पचवते ती ही उशीच. हवा कमी करून टायर पसरवायचा तर त्यालाही उंच बाजूच लागते. खडबडीत वाटेसाठी लहान रिम आणि उंच टायर अधिक उपयोगी, हे जाणकार सांगत आले आहेत ते यामुळेच. मोठी रिम शोभते ती हमरस्त्यावर.

नक्षीचेही असेच. रस्त्याचा टायर, ऑल-टेरेन आणि चिखलाचा टायर अशा तीन पायऱ्या मानल्या जातात. ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद आणि बाजू जाड. मुरमाड वाटेवर, टोकदार दगडांत आणि बाभळी-हिवराच्या काट्यांत तो साध्या टायरपेक्षा नक्कीच टिकाऊ ठरतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. आवाज वाढतो, इंधन अधिक जाते आणि ओल्या डांबरावर गाडी थांबायला सहसा जास्त अंतर लागते. पुण्याहून इंदापूर सुमारे १४० किलोमीटर, तेही सोलापूर महामार्गाने. माळावरची वाट त्यापुढे काही किलोमीटरची. प्रवासाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ज्या रस्त्यावर होतो, त्यावरची सुरक्षितता उरलेल्या भागाच्या हौसेपोटी गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे. हवा कमी करून माळ पार करणाऱ्याने महामार्गावर येण्याआधी ती पुन्हा भरून घेणेही तितकेच अगत्याचे; कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करण्यास मज्जाव करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. उत्पादकाने मान्य केलेल्या मापांत अदलाबदल करणे वेगळे आणि चाके कमानीबाहेर डोकावतील इतकी वाढवणे वेगळे. व्यास वाढला की वेगदर्शक काटाही खोटे बोलू लागतो. प्रत्यक्ष वेग दाखवलेल्यापेक्षा अधिक असतो.

हा झाला गाडीमालकाच्या हिताचा विचार. माळाचे हित त्याहून नाजूक आहे. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा ऊसपट्टा वगळला तर वरची जमीन मुरमाड, मातीचा थर पातळ. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते याच थरात तग धरतात. ओल्या मातीवरून गाडी गेली की ती दबते, पाणी मुरेनासे होते आणि चाकाच्या घळीतून वाहू लागते. पुढच्या पावसात त्या घळीची नाली होते. तिला टाळण्यासाठी पुढची गाडी शेजारून जाते आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. सखल भागातल्या काळ्या मातीत तर ऑल-टेरेनच्या खाचाही चिकणमातीने बुजतात आणि महागडा टायर गुळगुळीत रुळासारखा घसरतो. मग चालक जोर लावतो आणि ठोकळे गवत मुळासकट उपटतात.

रुंद टायरमुळे भार विभागला जातो, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पृष्ठभागावरचा दाब त्याने घटतो. पण खोलवर माती दबते ती प्रामुख्याने आसावरच्या वजनामुळे, शिवाय तुडवला जाणारा पट्टाही रुंदावतो. देशातील व्याघ्र प्रकल्पांत वर्षानुवर्षे जिप्सी टिकली ती उगीच नाही. एक टनाच्या आसपासचे वजन आणि १५ इंची रिमवरचे २०५ मिलिमीटर रुंदीचे साधे टायर एवढ्या भांडवलावर तिने काम भागवले. दोन टनांची गाडी माळावर आणून तिला रुंद टायर चढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्यात वेळापत्रकाचीही अडचण आहे. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात जन्मतात आणि पर्यटकांचा हंगामही तोच. माळटिटवी आणि धाविक यांसारखे पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात; ती खड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तेथे निदान दाट झाडी गाडीला रस्त्यावर ठेवते. माळावर तशी भिंतच नाही. लांडगा दिसला की गाडी कोठूनही वळू शकते आणि दमदार टायर हा मोह वाढवतात.

म्हणून उत्तर केवळ टायरच्या दुकानात सापडणारे नाही. माळावर ठरावीक वाटा दगडांनी आखून द्याव्यात, पाऊस पडून गेल्यावर माती वाळेपर्यंत त्या बंद ठेवाव्यात आणि चिखलाच्या टायरना प्रवेशच नसावा. पर्यटकांच्या गाड्या वेशीवर थांबवून गावातील तरुणांच्या हलक्या गाड्यांतून फेरी घडवली, तर माळही वाचेल आणि रोजगारही गावात राहील. प्रवेश शुल्काचा एक वाटा वाटांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवणे अवघड नाही.

आखलेल्या, कोरड्या वाटेवर जायला कंपनीने दिलेले, पुरेशी नक्षी शिल्लक असलेले टायर बहुतेकांना पुरतात. त्याहून दणकट चाक ज्या जागी लागते, त्या जागी जाण्याचे कारण पर्यटकाला नसते. चाकोरीबाहेर जाण्याचे एरवी कौतुक होते. बारामती-इंदापूरच्या माळावर मात्र चाकोरी सोडली की चाकाखाली येते ते कोणाचे तरी घरटे.