बाराच्या आत घरात!

एप्रिल उजाडला, की आल्प्समधील हौशी पर्यटकांची गर्दी ओसरते आणि एका निराळ्याच जातीच्या मंडळींची लगबग सुरू होते. ही मंडळी रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसून डोंगर चढत नाहीत. पाठीवर सामान, पायांत स्की आणि समोर फ्रान्समधील शामोनी ते स्वित्झर्लंडमधील झरमाट अशी सुमारे १२० किलोमीटरची वाट! तिचे नाव ‘ओत रूत’, म्हणजे उंचावरची वाट. १८६१ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश गिर्यारोहकांनी ती पायी धुंडाळली, तर १९११ मध्ये ती स्कीवरून पार झाली. धडधाकट माणसालाही सहा-सात दिवस लागतात.

स्की म्हणजे उतारावरून भन्नाट घसरत जाणे, ही चित्रपटांनी करून दिलेली समजूत. इथे बराचसा वेळ चढण्यातच जातो. त्यासाठी स्कीच्या तळाला लवदार पट्टा चिकटवतात. लव मागे वळलेली असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहावा, म्हणजे युक्ती लक्षात येईल. पूर्वी हे पट्टे सीलच्या कातड्याचे असत; आता ते नायलॉनचे किंवा मोहेर लोकरीचे असतात. खिंड आली, की पट्टे काढायचे आणि सुसाट सुटायचे.

पण वसंतातच का? हिवाळाभर साचलेल्या बर्फाने हिमनदीच्या भेगांवर जाड पूल बांधलेले असतात, दिवसही मोठा झालेला असतो. मात्र ऊन तापले, की हाच मित्र वैरी होतो. रात्री गोठून दगडासारखा झालेला बर्फ दुपारी लापशीसारखा होतो, पूल कच्चे पडतात, उतारावरचे ओले थर सुटून खाली येतात. म्हणून अंधार असतानाच निवारा सोडायचा आणि दुपारपूर्वी पुढचा गाठायचा. आपल्याकडे मुलींना ‘सातच्या आत घरात’ची तंबी असते, इथे भल्या भल्या पैलवानांना बाराच्या आत घरात यावे लागते!

प्रत्येकाच्या अंगावर संदेश सोडणारे छोटे यंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडे असते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची. हेलिकॉप्टर येईपर्यंत ती संपलेली असतात. सोबत्यांनीच उकरून काढायचे.

घड्याळ पाळूनही हवेपुढे इलाज चालत नाही. २९ एप्रिल २०१८ रोजी याच वाटेवर, पीन्य दारोला शिखराच्या परिसरात १४ जण वादळात सापडले. हवा बिघडणार हा अंदाज आधीच वर्तवला गेला होता. समोरचे काही दिसेना, वाट चुकली. विन्येत नावाचा निवारा जेमतेम काही शे मीटरवर होता. तिथे ऊब होती, अंथरूण होते. त्यांनी रात्र उघड्यावर काढली. सात जण दगावले.

या भागात माघारीची सोय आहे, हे विशेष. विन्येतहून आणि त्याआधीच्या दिक्स निवाऱ्यातूनही खाली अरोला गावात उतरता येते. वर्षभर पैसे साठवलेले, रजा मोजून मिळालेली, झरमाट दोन दिवसांवर आलेले. अशा वेळी “आज खाली उतरू या” असे म्हणणे वाटाड्यालाही जड जाते. तरी कित्येक जण उतरतात. अरोलाहून बस मिळते.