जोडसायकल निवडताना

दोघांनी चालवावयाची जोडसायकल घेताना पुष्कळ लोक पुढच्या स्वाराचेच माप पाहतात. आमच्या मते ही चूक होय. सुकाणू व बहुधा ब्रेकही पुढच्याच्या हाती. मागच्यास समोरचा रस्तादेखील दिसत नाही. तेव्हा मागची बैठक त्याच्या वा तिच्या अंगास बेताची आहे ना, हे प्रथम पाहावे. दोन्ही पेडले सामान्यतः साखळीने जोडलेली असल्यामुळे एकाने पाय थांबविला की दुसऱ्यासही थांबावे लागते. दोघांच्या भाराने लांब उतारावर ब्रेक फार तापतात. घाटात जाणाऱ्यांनी डिस्क ब्रेकच घ्यावा. पॅरालिम्पिक स्पर्धांत दृष्टिहीन खेळाडू मागे बसून शर्यती जिंकतात, ते पुढच्यावरील विश्वासाच्या बळावर. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी मैलभर दोघांनी चालवून पाहावी, आणि पसंतीचा शब्द मागच्याचा असावा.